पळणाऱ्या कुत्र्याचा ताप

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरं

या महिन्यात बहुतेक पत्रं कारवानी, पश्मी आणि मुधोळ पाळणाऱ्यांची आहेत. बोलीभाषेत ही अजून ‘शिकारी कुत्री’च आहेत. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना ससा, डुक्कर किंवा हरणामागे सोडणं गुन्हा आहे. त्यामुळे खालची उत्तरं राखण करणाऱ्या, शेतात मोकळ्या पळणाऱ्या आणि प्रदर्शनात उतरणाऱ्या कुत्र्यांसाठी आहेत. औषधांची प्रमाणं मुद्दाम दिली आहेत. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी समजावी आणि वजन चुकलं तर लक्षात यावं, यासाठी ती वापरा. त्यांवरून स्वतः सुई टोचू नका.

निलंगा, जि. लातूर: कारवानी कुत्री, साडेतीन वर्षांची, वजन अंदाजे २५ किलो. आठ दिवस झाले, पळायला नको म्हणते. गावातल्या एकाने दोन इंजेक्शनं दिली. दोन दिवस एकदम ठणठणीत झाली, मग पुन्हा पडून राहिली. काल नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर पीसीव्ही ३९, त्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय. प्लेटलेट ४०,०००. नेमकं काय झालंय?

घोळणा फुटला आणि प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या, एवढ्यावरून पहिला संशय गोचीडतापाचाच घ्यायचा. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात सोडते. चावल्यापासून आठ ते वीस दिवसांत ताप, भूक मंदावणं, डोळ्यांच्या कडेला चिकट घाण, मानेखालच्या गाठी सुजणं असं सुरू होतं. पोट उलटं करून केस बाजूला सारा. मांडीच्या आतल्या उघड्या कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले तर रक्त कातडीखाली झिरपतंय असं समजा.

आता त्या ‘नॉर्मल’कडे वळू. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याची पट्टी साधारण ३७ ते ५५ अशी छापलेली असते. ती सरसकट सगळ्या कुत्र्यांची पट्टी आहे. नजरेने सावज हेरून पळणाऱ्या जातींचं रक्त मुळातच दाट असतं. निरोगी ग्रेहाउंडचा पीसीव्ही ५० ते ६५ भरतो. तुमची कारवानी त्याच अंगकाठीची आहे, त्यामुळे ३९ म्हणजे तिचं बरंच रक्त उतरलंय असं धरून चालावं. प्लेटलेटचं याच्या उलट आहे. या जातींत त्या मुळातच कमी असतात, म्हणून सव्वा लाखाचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. चाळीस हजार मात्र कोणत्याही जातीत ठीक नाहीत. यंत्र कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या मोजतच नाही आणि आकडा खोटाच कमी दाखवतं, तेव्हा काचेवर रक्त पसरून डोळ्यांनीही बघायला सांगा. कुत्रं ठणठणीत असताना वर्षातून एकदा रक्त तपासून तो कागद फाइलला लावून ठेवला, तर अशा वेळी छापील पट्टीपेक्षा तोच कागद जास्त उपयोगी पडतो.

पहिली गोळी देण्याआधी नमुना घ्यायचा. कानाच्या पाळीच्या कडेला टोचून आलेल्या थेंबाची स्लाइड करावी आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिली रक्त भरावं. स्लाइडवर एर्लिकिया क्वचितच सापडतो. तो दिसला नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. झटपट किटवर जी रेघ उमटते ती प्रतिपिंडांची. बरं झाल्यावरही ती महिनोन् महिने, कधी वर्षभरही उमटत राहते. त्यामुळे किट पॉझिटिव्ह आणि कुत्रं धडधाकट असेल तर पुन्हा पुन्हा औषधाचे कोर्स करत बसू नये.

उपचार डॉक्सीसायक्लिनचा. दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, एका वेळी किंवा दोन भागांत, पूर्ण २८ दिवस. २५ किलोला २५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या अडीच गोळ्या रोज, २८ दिवसांना ७० गोळ्या. ‘अंदाजे’ वजनावर जाऊ नका. शिकारी कुत्रं उंच दिसतं, पण अंगावर चरबी नसते, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो. कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहा आणि तुमचं वजन वजा करा. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, उलटी होते. कोरडी घशात टाकली तर अन्ननलिकेत अडकून व्रण पडतो, म्हणून भाकरीच्या घासात द्या आणि वर चार-पाच चमचे पाणी पाजा. दूध, कॅल्शियम किंवा लोहाचं टॉनिक दोन-तीन तासांच्या अंतराने द्या, नाहीतर औषध अंगाला लागत नाही.

ताप साधारण तीन दिवसांत उतरायला हवा. प्लेटलेट आठवड्याभरात चढायला लागतात. नेमके इथेच लोक फसतात. कुत्रं सातव्या दिवशी उड्या मारायला लागतं, म्हणून गोळ्या बंद होतात. जंतू अस्थिमज्जेत आणि प्लीहेत लपून राहतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मज्जाच सुकायला लागते. त्या टप्प्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

ती दोन इंजेक्शनं बहुधा तापाचं आणि स्टिरॉइड, अशी असावीत. दोन दिवसांचा तरतरीतपणा त्यांचाच होता. प्लेटलेट कमी असताना मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक दिलं तर रक्तस्राव वाढतो. आता असं कोणतंही इंजेक्शन घेऊ देऊ नका. नाकातून रक्त आलं तर डोकं वर धरू नका, नाकाच्या वरच्या भागावर बर्फाचा फडका धरा आणि कुत्रीला शांत ठेवा. पीसीव्ही तिच्या जुन्या पातळीवर येईपर्यंत पळवणं बंद. हे दोन-तीन आठवड्यांचं काम नाही, दीड-दोन महिने धरा.

जत, जि. सांगली: मुधोळ कुत्रा, दोन वर्षांचा. डॉक्सीचे २८ दिवस पूर्ण केले, एक दिवसही चुकवला नाही. तरी ताप परत आला. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी.

लघवीचा रंग सांगतो की तांबड्या पेशी रक्तातच फुटत आहेत. हे काम बाबेसिया नावाच्या जंतूचं, आणि डॉक्सी बाबेसियाला पुरत नाही. एकाच गोचिडीच्या चाव्यातून किंवा पाठोपाठच्या चाव्यांतून दोन्ही आजार होणं आपल्याकडे नवीन नाही.

बाबेसियाचे आपल्याकडे दोन प्रकार दिसतात, आणि औषध ठरवायला प्रकार कळावाच लागतो. मोठा बाबेसिया, म्हणजे व्होगेली, स्लाइडवर पेशीत जोडीने बसलेल्या पेरूच्या फोडींसारखा दिसतो. त्याला इमिडोकार्ब लागू पडतं. किलोमागे ६.६ मिलिग्रॅम, स्नायूत किंवा कातडीखाली, आणि चौदा दिवसांनी दुसरा डोस. टोचल्यावर लाळ गळते, उलटी-जुलाब होतात. ते टाळायला डॉक्टर आधी ॲट्रोपिन देतात. तीव्र प्रतिक्रिया नसेल तर घाबरू नका.

छोटा प्रकार म्हणजे गिब्सोनी. त्याची ओळख जगाला पटली ती भारतातल्या शिकारी कुत्र्यांमुळेच. १९१० साली पॅटन या संशोधकाने मद्रास हंट या शिकारी मंडळाच्या हाउंडांच्या रक्तात तो पाहिला आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तातही तोच सापडला. हा प्रकार इमिडोकार्बला दाद देत नाही. दोन डोस होऊनही ताप राहिला तर तिसरा घेऊ नका, पीसीआर करून घ्या. गिब्सोनीसाठी ॲटोव्हाक्वोन किलोमागे १३.३ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि ॲझिथ्रोमायसिन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, दहा दिवस. ॲटोव्हाक्वोन तुपाशिवाय शोषलं जात नाही, म्हणून प्रत्येक डोस चमचाभर तूप किंवा चरबीच्या खाण्याबरोबर. औषध महाग आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. नाही मिळालं तर क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सी यांचा एकत्र कोर्स देतात. त्याने कुत्रं सावरतं, पण वेळ जास्त लागतो. गिब्सोनी पुरता निघून जाईल अशी खात्री कोणत्याच औषधाची नाही. अशक्तपणा, दुसरा आजार किंवा स्टिरॉइड मिळालं की तो पुन्हा डोकं वर काढतो.

आणखी एक गोष्ट गोचिडीइतकीच महत्त्वाची. गिब्सोनी चाव्यातून, कुत्र्यांच्या भांडणातूनही पसरतो. एकत्र बांधलेल्या नरांची वरचेवर जुंपत असेल तर एकाला झाल्यावर बाकीच्यांचीही तपासणी करा.

तुमच्या कुत्र्याला आज काय हवंय? आधी पीसीव्ही. तो १५ ते २० च्या खाली असेल आणि कुत्रं उभं राहिलं की धापा टाकत असेल, तर गोळ्यांचा परिणाम व्हायच्या आत रक्त चढवावं लागेल. साधारण हिशेब असा: किलोमागे २ मिली रक्त दिलं की पीसीव्ही १ ने चढतो. २५ किलोच्या कुत्र्याचा पीसीव्ही दहाने चढवायला अर्धा लिटर लागेल. दाता २५ किलोंच्या वरचा, लसीकरण पूर्ण झालेला आणि गोचीडतापासाठी तपासलेला हवा. असा कुत्रा एका वेळी सुमारे ४५० मिली देऊ शकतो. बरोबर पाळलेला भाऊ दाता म्हणून उभा करायची घाई नको. तोही त्याच गोठ्यातला असतो.

बार्शी, जि. सोलापूर: गोचीड काढून काढून कंटाळलो. कुत्र्याला औषध लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच.

कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या भिंतीत असतात. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत, पत्र्याच्या पन्हाळीत, बाजेच्या सुतळीत हजारो अंडी घालून मरते. पिल्लं, मधली अवस्था आणि मोठी गोचीड प्रत्येक वेळी कुत्र्यावर चढून रक्त पितात आणि उतरतात. रक्त न मिळता मोठी गोचीड अनेक महिने जगते. म्हणून उपाय तीन-चार महिने सलग चालवला तरच साखळी तुटते. एका फवारणीने काही होत नाही.

कुत्र्यासाठी सध्या सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तोंडावाटे द्यायची गोळी. फ्लुरालानेरची एक गोळी साधारण बारा आठवडे चालते, अफोक्सोलानेर किंवा सॅरोलानेर दर महिन्याला. पाकिटावरचा वजनाचा गट बघून घ्या. फेफऱ्याचे झटके येऊन गेलेल्या कुत्र्याला देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. या गोळीची मर्यादाही लक्षात ठेवा. गोचीड चावल्यावर मरते, आणि एर्लिकिया चाव्यानंतर काही तासांतच अंगात उतरू शकतो. म्हणून ज्यांच्याकडे आजार पुन्हा पुन्हा येतो त्यांनी गोळीबरोबर गोचीड दूर ठेवणारा डेल्टामेथ्रिनचा पट्टाही वापरावा. घरात मांजर असेल आणि ती कुत्र्याला अंग घासत असेल तर पट्टा नको. हे औषध मांजरांना फार बाधतं.

अमित्राझने धुण्याची पद्धत स्वस्त आहे आणि अजून चालते. १२.५ टक्क्यांचं द्रावण असेल तर लिटरमागे २ मिली, गोचीड फार असतील तर जास्तीत जास्त ४. जखमेवर नको, तीन महिन्यांखालच्या पिल्लाला नको, मधुमेही कुत्र्याला नको. धुतल्यावर पाण्याने खंगाळायचं नाही, सावलीत वाळू द्यायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. कुत्रं गुंगल्यासारखं, गार आणि संथ झालं तर प्रमाण जास्त झालंय. शेतातली फवारणीची औषधं कुत्र्यावर ओतणारे लोक दुर्दैवाने अजून भेटतात. तोंडाला फेस, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, अंगाला थरथर दिसली तर ती विषबाधा आहे. साबणाने धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

गोठ्यात भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. गोणपाटाचं अंथरूण जाळून टाका, बाज उन्हात टाका. फवारणी जमिनीपेक्षा भिंतीवर, छताच्या कडेपर्यंत करा आणि दर पंधरा दिवसांनी निदान सहा वेळा करा. फवारा वाळेपर्यंत कुत्रं बाहेर. हाताने काढायची असेल तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल, माचीस काही नको. नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. पायाच्या बोटांमधला खळगा आणि कानाची आतली घडी बघायला विसरू नका. कुत्र्याने दाताने उपटून गोचीड गिळली तर हेपॅटोझून नावाचा तिसरा जंतू पोटातून शिरतो, तोही आपल्याकडे आहे.

अहमदपूर, जि. लातूर: ताप आला की क्रोसिन द्यावी का?

नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक तर अजिबात नाही. पोटात व्रण आणि मूत्रपिंड निकामी, दोन्ही होऊ शकतं. आधी तापच मोजा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर, कडेच्या भिंतीला टेकेल असा धरा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे ठीक. पळून आलेल्या कुत्र्याचं तापमान १०५ पर्यंत जाऊ शकतं, त्याला ताप म्हणत नाहीत. सावलीत तासभर बसवून पुन्हा मोजा. मात्र जीभ लांब, हिरड्या लालभडक, चाल लटपटती असेल तर तासभर थांबू नका. ते उष्माघाताचं लक्षण आहे, तिथल्या तिथे गार पाणी ओता आणि पंख्याखाली घ्या.

सांगोला, जि. सोलापूर: पश्मीची सहा पिल्लं, अडीच महिन्यांची. पंचेचाळिसाव्या दिवशी लस दिली होती. दोन गेली, तिसऱ्याला रक्ताची हगवण. लस खोटी होती का?

ही हगवण बहुधा पार्वो या विषाणूची. लस खोटी असेलच असं नाही. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात दोन ते चार महिने टिकतात. ती भरपूर असतील तर लसीतला विषाणू तीच मारून टाकतात आणि लस फुकट जाते. ती हळूहळू घटतात, आणि मधे एक काळ असा येतो की लस लागू करू देण्याइतकी ती उतरलेली नसतात, पण पार्वो रोखण्याइतकी उरलेलीही नसतात. तुमची पिल्लं नेमकी त्या काळात सापडली. म्हणून एक डोस म्हणजे लसीकरण नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. त्यानंतर सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान आणखी एक. रेबीज बारा आठवड्यांना. शिवाय लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. खिशातून आणलेली बाटली गरम झाली असेल तर ती देऊन काही उपयोग नाही.

तिसऱ्या पिल्लाला आत्ता पाणी हवं आहे. पार्वो आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि पांढऱ्या पेशी संपवतो. पिल्लू कोरडं पडून आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरून मरतं. हिशेब करून बघा. ५ किलोचं पिल्लू, ८ टक्के पाणी गेलेलं, म्हणजे ५ गुणिले ८ गुणिले १०, चारशे मिली तूट. रोजची गरज किलोमागे ६० मिली, आणखी तीनशे. त्यावर उलटी-जुलाबात जाईल ते वेगळं. म्हणजे चोवीस तासांत ७०० मिलीच्या वर, तेही शिरेतून, संथ. अर्ध्या तासात बाटली चढवून घरी पाठवलेलं पिल्लू संध्याकाळी परत का येतं, ते यात आलं. मुख्य द्रावण रिंगर लॅक्टेट, साखर उतरलेली असेल तर डॉक्टर त्यात डेक्स्ट्रोज घालतात. नुसतं डेक्स्ट्रोज पुरत नाही. उलटीसाठी मॅरोपिटंट किलोमागे १ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, आणि जंतूंसाठी ॲम्पिसिलिनसारखं प्रतिजैविक. जुलाब बांधायची गोळी देऊ नका, आतली घाण आतच राहते. उलटी थांबल्यावर दोन-दोन चमचे कोंबडीचं पाणी आणि मऊ भात दर दोन-तीन तासांनी सुरू करा. उपाशी ठेवून आतडं बरं होत नाही.

फिनेलने पार्वो मरत नाही, गोठ्यात कितीही वास आला तरी. आधी घाण खरवडून साबणाने धुवा. मग पाच टक्क्यांचा ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, म्हणजे लिटरला साधारण ३० मिली, आणि दहा मिनिटं ओलं ठेवा. द्रावण रोज ताजं करा, त्यात संडासाचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू सुटतो. मातीच्या अंगणात ब्लीच चालत नाही. विषाणू तिथे वर्षभर राहू शकतो, त्यामुळे पुढच्या वेताची जागाच बदला.

शिरोळ, जि. कोल्हापूर: उसात कोल्ह्याशी झटापट झाली, कुत्र्याच्या ओठाला चावा. रेबीजची लस दोन वर्षांपूर्वी दिली होती. जखमेत हळद-चुना भरलाय.

हळद-चुना काढा. हातमोजे घाला, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. टाके शक्यतो लगेच नकोत. आधी लस झालेल्या कुत्र्याला आजच एक डोस आणि तिसऱ्या दिवशी दुसरा. पूर्वी कधीच लस झाली नसेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. किमान ४५ दिवस घरात बांधून, मुलांपासून लांब ठेवा. लस नसलेला असता तर सहा महिने म्हटलं असतं. धुताना लाळ तुमच्या ओरखड्याला लागली असेल तर तुम्हीही आजच आरोग्य केंद्र गाठा.

एका गोष्टीबद्दल जरा जास्त सांगायला हवं. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी चवताळतच नाही. मुक्या प्रकारात खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो थेट तोंडात हात घालतो. जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. हाड अडकलेलं कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, रेबीजचं सहसा तसं करत नाही. पण हा फरक लांबून बघायचा, आणि खात्री डॉक्टरांनी करायची. लक्षणं दिसल्यावर उपचार नाही, कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं.

मंगळवेढा, जि. सोलापूर: डिस्टेंपरमधून कुत्रा वाचला, पण मागचा पाय झोपेतही सारखा उडतो. डोक्याला तेल चोळतोय.

तेल चोळून काही होणार नाही. विषाणूने मज्जातंतूंना इजा केली आहे आणि तो ठेका बहुधा कायम राहील. कुत्रा खात-पीत, चालत असेल तर त्याच्यासह जगू शकतो. काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवत झटके येऊ लागले तर फिनोबार्बिटल लागतं, ते डॉक्टर ठरवतील. हा विषाणू पार्वोसारखा चिवट नाही, साबण-फिनेलने मरतो, पण हवेतून खोकल्या-शिंकांनी पसरतो. लस न दिलेली कुत्री माळावर मोकळी सोडू नका. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये हाच विषाणू सापडला, निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलं होतं. तुमच्या जिल्ह्यात नान्नजच्या माळावर लांडगे आणि खोकड आहेत.

वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग: पावसाळ्यात कुत्रं भाताच्या खाचरात फिरतं. डोळे पिवळे झाले, पाठ धरल्यागत चालतं. कावीळ उतरवणारा माणूस आहे गावात.

त्याच्याकडे नेऊ नका. पावसाळा, खाचरातलं पाणी, कावीळ, दुखरी कंबर यांवरून आधी लेप्टोचाच विचार करावा. उंदरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतो आणि ओल्या, खरचटलेल्या कातडीतून शिरतो. लघवी कमी होतेय का, ते आजच बघा. मूत्रपिंड बसलं तर दिवसच नाही, तासही महत्त्वाचे. उलट्या होत असतील तर आधी शिरेतून पेनिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन, मग डॉक्सी किलोमागे ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन आठवडे. कुत्र्याच्या लघवीतून तुम्हालाही होतो. रबरी हातमोजे घाला, लघवीची जागा ब्लीचने धुवा, पाण्याचा जोर लावून शिंतोडे उडवू नका. घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना ‘कुत्र्याला लेप्टो आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. लस वर्षाला एकदा, मे महिन्यात, म्हणजे पावसाआधी अंगात ताकद येते. पहिल्यांदा देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, म्हणजे एप्रिलमध्येच सुरुवात करा.

उदगीर, जि. लातूर: नर लागवणीला देतो. महिन्यापासून लिंगाच्या टोकाशी रक्ताचे थेंब. उष्णता म्हणून ताक-सब्जा चालू आहे.

ताक पाजा हवं तर, पण कातडी मागे सारून मुळाशी बघा. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, हात लागला की रक्त येणारी गाठ दिसली तर तो समागमातून लागणारा ट्यूमर आहे. इथे जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते. नाक आणि तोंडाकडेही बघा. हुंगण्या-चाटण्यातून तिथेही होतो, आणि मग नाकातल्या रक्ताला लोक गोचीडताप समजतात. कापून काढला तर बहुतेक वेळा परत येतो. व्हिन्क्रिस्टिन किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम, आठवड्याला एकदा शिरेतून, सहसा चार ते सहा डोस. प्रत्येक डोसआधी पांढऱ्या पेशी मोजायच्या. औषधाचा थेंब शिरेबाहेर गेला तर तिथलं मांस सडतं, म्हणून सुई शिरेत पक्की बसवून, कुत्रं घट्ट धरूनच द्यायचं. डोसानंतर दोन-तीन दिवस त्याची लघवी-विष्ठा हातमोजे घालून साफ करा, गरोदर बाईने ते काम करू नये. गाठ पूर्ण गेल्यावरही आणखी एक-दोन डोस देतात.

तोवर लागवण बंद. गेल्या सहा महिन्यांत ज्यांच्या कुत्र्या लागवल्या त्यांना फोन करून तपासायला सांगा. त्यांपैकी एखादीने पंचेचाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान गर्भ टाकला असेल, तर ट्यूमरशिवाय ब्रुसेला या गर्भ पाडणाऱ्या जंतूचीही रक्ततपासणी तुमच्या नराची करून घ्यावी लागेल. गर्भ आणि जार उघड्या हाताने उचलू नयेत, हेही त्याच फोनवर सांगा.